हेल्मेटवर कॅमेरा लावून स्कायडायव्हिंग: कुठला घ्यावा आणि कुठे बसवावा?

ढगातला_धोंडू

नमस्कार मंडळी,

मुक्काम टेक्सास. यूएसपीएचं (अमेरिकेची पॅराशूट संघटना) बी लायसन्स, आजवर १६२ जंप, जवळजवळ सगळ्या बेलीवर (पोट खाली ठेवून), चौघांच्या फॉर्मेशनचा (हवेत एकत्र येऊन आकार करण्याचा) सराव. हेल्मेट कुकी जी४, फुल-फेस (चेहरा पूर्ण झाकणारं). घरात गोप्रो हिरो ९ पडून आहे. २०० जंप आणि सी लायसन्स झाल्याशिवाय कॅमेरा नाही, असं डीझेडवर (ड्रॉप झोन, उड्या मारायचं मैदान) सांगितलंय. ते मान्य, त्यावर वाद नाही. पण तोवर सामान जमवून ठेवावं म्हणतो. शंका अशा:

१. हिरो ९ चालेल, की आणखी लहान काही घ्यावं?
२. डोक्यावर, कानाच्या बाजूला की हनुवटीवर?
३. गोप्रोसोबत येणारा चिकटपट्टीचा माउंट पुरेसा आहे का?
४. कॅमेऱ्याला कटअवे (दोरी अडकल्यास झटक्यात सोडायची सोय) खरंच लागतो का? काही जण लावतात, काही हसतात.

व्हिडिओ डीब्रीफसाठीच (उडीनंतर चुका बघायला) हवाय. इन्स्टाचा सोस नाही (थोडा आहे). जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

रिपकॉर्ड_राणे

चौथ्या शंकेपासून सुरुवात करतो, बाकीच्या तिन्हींची उत्तरं तिच्यातच आहेत.

मेन (मुख्य पॅराशूट) उघडताना काय होतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. पायलट चूट (आधी वाऱ्यात टाकायचं छोटं पॅराशूट) मेनची बॅग ओढून नेते, रबर बँडमधून दोऱ्यांच्या घड्या एकेक करून सुटतात, आणि हा सगळा कारभार तुमच्या मानेच्या मागून वर जातो. खांदे समपातळीत असतील तर दोऱ्यांचा डोक्याशी संबंध येत नाही. पण एक खांदा पडलेला असेल, पायलट चूट पाठीवरच्या बर्बलमध्ये (अंगाच्या आडोशाच्या घुसळत्या हवेत) दोन सेकंद घुटमळली असेल, किंवा पॅकिंग ढिलं राहून दोऱ्यांचा गुच्छ एकदम बाहेर पडला असेल, तर सैल दोरीचा फास डोक्याभोवती येतो. गुळगुळीत हेल्मेटवरून तो घसरून जातो. वर कॅमेरा असेल तर त्याला बसायला जागा मिळते.

मग कॅनॉपी (पॅराशूटचं कापड) फुगते आणि फास आवळतो. मेन उडण्याजोगी नाही म्हणून तुम्ही कटअवे केलात, म्हणजे मेन सोडून दिलीत. दोन्ही रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) सुटले, पण एक दोरी अजून कॅमेऱ्यात आहे. म्हणजे मेन आता खांद्यांऐवजी मानेला टांगली आहे आणि तिच्याच पोटातून रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) उघडायची आहे. म्हणून क्रम ठरलेला: आधी डोकं मोकळं, मग कटअवे, मग रिझर्व्ह. बी ते डी लायसन्सवाल्यांसाठी यूएसपीए निर्णयाची उंची (बिघाडावर काय करायचं ते ठरवायची शेवटची उंची) १,८०० फूट सांगते. त्याच्या वर हे तिन्ही बसवायचं असेल तर नेहमीपेक्षा निदान ५०० फूट वर उघडा. कॅमेरा लावल्यावर हा बदल करायचा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

म्हणजे कॅमेऱ्याला कटअवे लागतो का? डोक्यावर दोरी अडकू शकेल असं काहीही असेल तर लागतो. हसणाऱ्यांना हसू द्या.

२०० जंपचा आकडा मान्य आहे म्हणालात, चांगलं आहे. त्याच्या जोडीला यूएसपीएची दुसरी शिफारस आहे तीही पाळा: ज्या रिगवर (हार्नेस आणि दोन्ही पॅराशूटचा संच) कॅमेरा घेऊन जाणार, त्याच रिगवर अलीकडच्या किमान ५० जंप हव्यात. सी लायसन्सच्या आनंदात लहान कॅनॉपी घेतलीत तर कॅमेरा पुन्हा ५० जंप लांबला असं समजा. दोन नव्या गोष्टी एकदम नकोत.

कॅमेऱ्याने लक्ष किती जातं याचं टोकाचं उदाहरण १९८८ चं, नॉर्थ कॅरोलिनातलं. शेकडो जंप केलेला एक अनुभवी जंपर व्हिडिओ करायला विमानातून बाहेर पडला, तो पॅराशूट न घालताच. त्या काळी रेकॉर्डर वेगळा, जड, आणि अंगावर वागवावा लागे. तेव्हा पाठीवर वजन आहे, पट्टे आवळलेले आहेत, म्हणजे रिग आहे, असा शरीराचा समज व्हायला वाव होता. आजचा कॅमेरा दीडशे ग्रॅमचा आहे, पण लक्ष तेवढंच खातो.

---

कोकणी_कॅनॉपी

राणेकाका, वरचं सगळं मान्य. मी माउंटबद्दल लिहिते.

धोंडू, गोप्रोच्या डब्यातला माउंट दुचाकीसाठी ठीक आहे. तो हेल्मेटवर बसवून नीट बघ. खाली चिकटपट्टीचा तळ, त्यात सरकणारं बकल, बकलावर उभे दोन कान, कानांमधून आडवा स्क्रू, स्क्रूला बोटाने फिरवायचं मोठं डोकं, आणि या सगळ्याच्या वर कॅमेरा. हेल्मेट आणि कॅमेऱ्याच्या पोटामध्ये बोट जाईल एवढी फट राहते. दोरी अडकवायचं यंत्र कुणी मुद्दाम बनवलं असतं तर ते असंच दिसलं असतं.

चिकटपट्टीबद्दल एक गैरसमज डीझेडवर नेहमी ऐकू येतो: "अडकलंच तर पट्टी निघून येईल, तोच कटअवे." असं धरून चालू नकोस. ती फोमची व्हीएचबी पट्टी आहे. नीट बसली असेल तर कडेकडेने ओढल्यावर सहज सुटत नाही, आणि नीट बसली नसेल तर एक्झिटच्या वाऱ्यातच निघून कॅमेरा १३,००० फुटांवरून कुणाच्या तरी शेतात. म्हणजे नको तेव्हा सुटणार आणि हवं तेव्हा धरून बसणार. तरी पट्टी वापरायचीच असेल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, वक्र जागेवर वक्र तळच लाव (सपाट तळाच्या कडा दोन दिवसांत उचलतात), खोलीच्या तापमानाला दाबून बसव आणि २४ तास हात लावू नकोस. ७२ तास दिलेस तर उत्तम. मॅट रंगाच्या हेल्मेटवर पट्टी पक्की बसते आणि रंगच सुटून येतो, हेही बघ.

त्यापेक्षा जी४ च्या आकाराला बेतलेला माउंट घे. कुकीचा स्वतःचा रोलर माउंट आहे, ग्रेलफॅबचे आहेत. दोन गोष्टी तपासायच्या. कॅमेऱ्याचं पोट कवचाला टेकतं का, आणि समोरून-मागून उतार आहे का, म्हणजे दोरी आली तर चढून पलीकडे घसरेल. थ्रीडी प्रिंट करून देणारे मित्र असतात, त्यांना पीएलए प्लास्टिक वापरू नका म्हणून सांग. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि टेक्सासच्या उन्हात काचा लावून ठेवलेली गाडी तिथपर्यंत जाते. माउंट सकाळी सरळ असतो, दुपारी कॅमेरा पायांकडे बघतो. पीईटीजी किंवा एएसए घ्यायला सांग.

आता दोरीची चाचणी. रिगरकडे (पॅराशूटची देखभाल करणाऱ्याकडे) जुन्या लाइनसेटचे, म्हणजे पॅराशूटच्या दोऱ्यांचे, तुकडे असतात, त्यातला मीटरभर माग. बारीक एचएमए जातीची दोरी मिळाली तर तीच घे. जाड डेक्रॉनची दोरी जिथे अडकत नाही तिथे मिलिमीटरभर जाडीची एचएमए सहज शिरते. हेल्मेट मांडीवर ठेव, दोरीची दोन टोकं दोन हातांत धर आणि मागून पुढे ओढ. मग पुढून मागे. मग डावीकडून, उजवीकडून, चारही तिरक्या दिशांनी. दोरी ताठ नको, थोडी सैल ठेव, कारण फास सैलच येतो. जिथे ती क्षणभरही थबकली ती जागा बॉलपेनने खुणाव. हिरो ९ असेल तर तीन जागा हमखास निघतात: पुढे आलेल्या भिंगाच्या चौकटीची खालची कड, बाजूच्या बॅटरीच्या दाराची कड आणि पोटाखाली दुमडलेल्या कानांची खाच. खाचेत फोमचा तुकडा कोंब, वरून गॅफर टेप. भिंगाच्या चौकटीला माउंटचीच कड वर आलेली हवी, तिथे टेपने भागत नाही.

जागा कुठली? माझं मत ऐक, पटेल असं नाही. कानाच्या बाजूला नकोच. रायझर तिथूनच वर जातात आणि उघडताना मान एका बाजूला पिळली जाते. राहिलं डोकं की हनुवटी. हनुवटीवर दोऱ्या क्वचित येतात, हा मोठा फायदा. तोटा असा की खाली बघितलंस की कॅमेरा छातीच्या पट्ट्यावर टेकतो आणि कटअवे-रिझर्व्हचे हँडल दिसतात न दिसतात. तेव्हा हनुवटीवर लावायचाच तर रिग घालून, हेल्मेट घालून आरशासमोर उभा राहा आणि दोन्ही हँडल डोळ्यांना दिसतात का बघ. एकही दिसत नसेल तर विषय संपला.

आणि छातीवरचा हार्नेस-माउंट कुणी सुचवला तर हात जोड. हँडलच्या शेजारी आणखी पट्टे नकोत.

अवांतर: शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये पटायाला नऊवारी नेसून उडी मारली तेव्हा बऱ्याच जणांनी "साडी अडकली असती तर?" म्हणून डोळे मोठे केले होते. हार्नेस साडीच्या वर असतो, तो तिला दाबून धरतो. गोप्रो मात्र सगळ्याच्या वर, उघडा. त्याला कुणी डोळे मोठे करत नाही.

---

मेगापिक्सेल_मामा

कॅमेऱ्याचं मी सांगतो.

हिरो ९ चं वजन १५८ ग्रॅम. माउंट धरून २०० समजू. साध्या ओपनिंगला अंगावर तीन ते चारपट वजन येतं, म्हणजे डोक्यावर क्षणभर पाऊण किलो. कॅनॉपीने एखाद्या दिवशी रागावून दहापट झटका दिला तर दोन किलो, तेही मानेपासून वीतभर उंचावर. त्यामुळे ग्रॅम महत्त्वाचे आहेतच, पण उंची जास्त महत्त्वाची. १५० ग्रॅमचा कवचाला चिकटलेला कॅमेरा हा ८० ग्रॅमच्या पण दांडीवर उभ्या कॅमेऱ्यापेक्षा बरा.

हिरो १२ (१५४ ग्रॅम) आणि १३ (१५९ ग्रॅम) आकाराने तुमच्या ९ सारखेच. नुसत्या स्कायडायव्हिंगसाठी ९ सोडून ते घेण्यात अर्थ नाही. हिरो ११ मिनी १३३ ग्रॅमचा. मागे पडदा नाही, ठोकळा बुटका, एकच मोठं बटण. हातमोज्यातून दाबायला झकास, पण बॅटरी आतच. २०२४ ची साधी 'हिरो' ८६ ग्रॅमची, ४के ३० फ्रेम देते, तिचीही बॅटरी निघत नाही. दिवसाला पाच-सहा जंप करणाऱ्याने जंपांच्या मध्ये ती चार्जिंगला लावायची सवय करावी.

जुने लोक अजून हिरो ५ सेशनची नावं घेतात. ३८ मिलिमीटरचा चौकोनी ठोकळा, पाऊणशे ग्रॅमच्या आतबाहेर, कडा गोलसर. या खेळासाठी त्याच्यासारखा आकार परत झाला नाही. पण तो बंद होऊन बरीच वर्षं झाली आणि बॅटरी बदलता येत नाही. सेकंड हँड घेतलात तर १४,००० फुटांवर थंडीत बंद पडणाराच हाती येण्याची शक्यता जास्त.

इन्स्टा३६० गो ३एस (३९ ग्रॅम) बघून मोह होतो. मोह आवरा, निदान चुंबकाचा. गळ्यातलं चुंबकी लॉकेट ताशी १९० किलोमीटरच्या वाऱ्यासाठी नाही. कवचावर चारही बाजूंनी पकडणारी चौकट असेल तरच विचार करा. डीजेआय अॅक्शन २ ची गत तीच: ५६ ग्रॅम, सुंदर, पण पकड चुंबकी आणि लवकर तापतो. अॅक्शन ४ (१४५ ग्रॅम) चांगला आहे. त्याच्या तळाला चुंबकाच्या जोडीला दोन खटके आहेत, तरी मी टेपची एक पट्टी आडवी मारतो.

३६० अंशांचे कॅमेरे, इन्स्टा३६० एक्स३ वगैरे, १८० ग्रॅम आणि त्याहून जड, शिवाय उभे. दोन्हीकडे फुगलेली भिंगं आणि खाली दांडी. सुरुवातीच्या शंभर कॅमेरा जंपांत नकोच.

थोडक्यात, तुमचा ९ च वापरा. वाचलेले पैसे माउंटला लावा.

---

ढगातला_धोंडू

सगळ्यांचे आभार. कोकणीताई, दोरीची चाचणी आजच करतो.

दोन उपशंका. माझ्या रिगवर आरएसएल (मेन सोडताच रिझर्व्हची पिन आपोआप ओढणारा पट्टा) आहे, मार्डसकट (सुटलेल्या मेनच्या ओढीने रिझर्व्ह बाहेर काढणारी जोडणी). कॅमेरा लावल्यावर ती काढून ठेवावी असं एकाने सांगितलं. आणि फुल-फेस हेल्मेटला कटअवे म्हणजे नक्की काय? अख्खं हेल्मेट सोडायचं की फक्त कॅमेरा?

---

रिपकॉर्ड_राणे

फुल-फेस हेल्मेट ताणाखाली डोक्यावरून ओढून काढणं जवळपास अशक्य. दोरी वर ओढते तेव्हा हनुवटीचा भाग जबड्यात रुततो. उघड्या हेल्मेटला हनुवटीच्या कपवर ओढायची केबल बसवता येते, एका हाताने सुटतं, आणि मोठे कॅमेरे लावणारे म्हणूनच उघडी हेल्मेटं वापरतात. तुमच्या जी४ ला कॅमेराच सुटला पाहिजे. माउंटला ओढायची पिन किंवा केबल, तिला बोट अडकेल एवढा कापडी लूप, आणि तो लूप कवचाला चिकटून, नाहीतर स्नॅग (दोरी अडकणं) टाळायला लावलेला लूपच स्नॅग व्हायचा.

तो ताणाखाली सुटतो का ते घरी बघा. हेल्मेट उलटं धरा, कॅमेऱ्याखालून दोरीचा फास घाला, त्याला पाच लिटर पाण्याचा कॅन टांगा आणि दुसऱ्या हाताने केबल ओढा. हातमोजे घालून. दोन बोटांत सुटायला हवं. पिन वाकून अडकली, तर माउंट बदला. हातात हलकेच दाबून सुटणारे कित्येक माउंट या कॅनला हार जातात. ताण आला की प्लास्टिकचे खटके एकमेकांत रुततात. खाली गादी ठेवा, कॅमेरा पडणारच आहे.

कवचाला भोकं पाडून माउंट बसवू नका. जी४ ला एक्सपी एस ७२-६०० या मानकाचं प्रमाणपत्र आहे. ड्रिल चालवल्यावर ते गृहीत धरता येत नाही.

आरएसएलबद्दल माझं मत: काढावी. मार्ड असेल तर कटअवे होताक्षणी जाणारी मेनच रिझर्व्हला ओढून काढते. मेन डोक्याला अडकलेली असेल तर ती ओढ अर्धवट, वेडीवाकडी. दोन सेकंद हातात असलेले बरे.

---

कोकणी_कॅनॉपी

काका, इथे मी तुमच्याशी सहमत नाही.

कवचाला टेकलेला, दोरीची चाचणी पास झालेला लहान कॅमेरा असेल तर डोक्याला स्नॅग होण्यापेक्षा साधा लाइन ट्विस्ट (दोऱ्यांना पीळ) किंवा टेन्शन नॉटमुळे (दोऱ्यांत बसलेली गाठ) कमी उंचीवर कटअवे होण्याची शक्यता कितीतरी जास्त. अशा वेळी रिझर्व्हचं हँडल शोधण्यात जाणारे सेकंद मार्ड वाचवते. क्वचितची भीती टाळायला नेहमीचं संरक्षण काढून टाकणं मला पटत नाही. मोठा स्टिल कॅमेरा, रिंग साइट (नेम धरायला डोळ्यापुढचं कडं), आडवी पट्टी असलं सामान असेल तर हिशोब वेगळा, तिथे तुमचं बरोबर.

धोंडू, हे तू तुझ्या रिगरला आणि डीझेडच्या सेफ्टी अँड ट्रेनिंग अॅडव्हायझरला विचारून ठरव, आमच्या भांडणावरून नको. आरएसएल ठेवलीस तर तुझा क्रम मात्र पक्का हवा: कॅमेरा सोडल्याशिवाय मेन सोडायच्या लाल हँडलला हात नाही. आणि दोरी अडकली तरी कॅनॉपी चौकोनी आहे, सरळ उडते आहे, वळते आहे, तर कटअवेची घाई नको. आधी दोरी सोडवून बघ, तीही १,८०० फुटांच्या वर असेपर्यंतच.

---

चिंचवडची_चिमणी

मधेच विचारते. भाऊ पुढच्या महिन्यात हरियाणात नारनौलला टँडेम (इन्स्ट्रक्टरला बांधून घेऊन उडी) करणार आहे. त्याने स्वतःचा गोप्रो मनगटाला बांधून नेला तर चालेल का?

---

रिपकॉर्ड_राणे

नाही. टँडेम प्रवाशाने अंगावर काही न्यायचं नसतं, आणि कुठल्याही शहाण्या डीझेडवर नेऊ देत नाहीत. त्याचा हात घाबरून कुठे जाईल सांगता येत नाही, आणि त्या हाताजवळ ड्रोगचं (वेग आवरणारं छोटं पॅराशूट) आणि रिझर्व्हचं हँडल असतं. इन्स्ट्रक्टरच्या मनगटावरचा हँडकॅम असतो, त्याचे पैसे वेगळे. दुसरा जंपर समोर उडून व्हिडिओ घेतो तो आणखी महाग, पण चेहरा नीट त्यातच दिसतो. हँडकॅममध्ये नाकपुड्या जास्त.

---

मेगापिक्सेल_मामा

सेटिंगचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो.

डीब्रीफसाठी १०८० किंवा २.७के, ६० फ्रेम, वाइड. ग्रिप कुणाची सुटली, कोण कुठल्या बाजूला वळलं हे दिसायला तेवढं पुष्कळ. ४के ६० ला १०० मेगाबिटच्या हिशोबाने मिनिटाला पाऊण जीबी जातो, आणि संध्याकाळी पाच जंपांच्या फाइली टॅबवर चढवताना टीममधले सगळे तुमच्याकडे बघत बसतात. स्थिरीकरण चालू ठेवा, पण क्षितिज बांधून ठेवणारा पर्याय बंद. डीब्रीफमध्ये तुमचं डोकं खरंच कुठे झुकलं होतं ते दिसायला हवं. कार्ड व्ही३० दर्जाचं, दर आठवड्याला कॅमेऱ्यातच फॉरमॅट.

विमानात चढल्याबरोबर चालू करू नका. ट्विन ऑटरला वर जायला पंधरा-वीस मिनिटं, सेस्ना १८२ असेल तर त्याहून जास्त. बंद केबिनमध्ये वारा नाही, कॅमेरा तापतो, आणि मोठ्या रिझोल्युशनवर असेल तर दार उघडायच्या आधीच बंद पडतो. दार उघडल्यावर चालू करायला जाणं त्याहून वाईट. मधला क्षण पकडा: साधारण दोन मिनिटं उरली असताना एका बटणाने चालू, शेजाऱ्याला लाल दिवा बघायला सांगा, आणि त्यानंतर रिगची शेवटची तपासणी. या क्रमात उलटापालट नको. कॅमेऱ्याला हात लावायचं काम हँडल, छातीचा पट्टा आणि पिन बघण्याच्या आधी संपलं पाहिजे. एक्झिटला दिवा लागला नाही असं कळलं तर तो व्हिडिओ गेला, सोडून द्या. फ्रीफॉलमध्ये डोक्याकडे हात नेऊन बटण चाचपडणारा माणूस फॉर्मेशनमधल्या आपल्या जागेवर राहत नाही, आणि उंचीकडे तर त्याचं लक्षच नसतं.

थंडी. दर हजार फुटांना साधारण दोन अंश उतरतं. जमिनीवर ३५ असेल तर १४,००० वर सात-आठ, जमिनीवर १० असेल तर उणे १८. बॅटरी अर्ध्यावर असेल तर तिथे एकदम शून्य दाखवते. खिशात, अंगाशी ठेवलेली भरलेली बॅटरी घाला.

धुकं. वर कॅमेरा थंड झालेला असतो, आणि कॅनॉपीखाली तीन-चार हजार फुटांवर मेक्सिकोच्या आखाताकडची दमट हवा त्याला भेटते. भिंगावर आतून वाफ धरते. आतला दमटपणा बॅटरी बदलताना शिरतो, म्हणून बॅटरीचं दार एसी चालू असलेल्या खोलीतच उघडायचं, मैदानावर नाही. ठेवायच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. हिरो ९ चं पुढचं काचेचं झाकण फिरवून निघतं, त्याच्या रबराखाली वाळूचा कण बसला की तिथूनही दमटपणा आत जातो.

---

कोकणी_कॅनॉपी

मामांना जोडून एवढंच. ब्रेक-ऑफनंतर (फॉर्मेशन सोडून पांगल्यावर) तुझ्या कॅमेऱ्यात काहीच चांगलं येणार नाही असं आधीच ठरवून टाक. दुसऱ्यांची ओपनिंग टिपायला मान मागे वळवून ट्रॅक करणारे (इतरांपासून आडवं दूर जाणारे) आपलं ट्रॅकिंग घालवतात. पायलट चूट टाकल्यावर मान सरळ, नजर क्षितिजावर. स्लायडर (कॅनॉपी हळू उघडावी म्हणून दोऱ्यांवर सरकणारं कापड) बघायला लगेच वर बघायचं नाही, झटका बसू दे, मग बघ. वर बघितलेल्या मानेवर २०० ग्रॅम आणि सरळ मानेवर २०० ग्रॅम यांत फार फरक आहे. तुझी कॅनॉपी नेहमीच कडक उघडत असेल तर कॅमेऱ्याआधी पॅकिंग रिगरला दाखव. स्लायडरच्या कड्या (ग्रोमेट) स्टॉपरला नीट टेकवलेल्या आहेत का आणि दोऱ्या घट्ट रबर बँडमध्ये आहेत का, दोष बहुतेक तिथेच सापडतो.

आणि ऑडिबल (ठरलेल्या उंचीला कानाशी वाजणारा अलार्म). माउंट बसवताना हेल्मेटमधला ऑडिबल सरकला किंवा त्याच्यासमोर फोम आला तर आवाज दबतो. माउंट लावल्यावर पहिल्या दोन-तीन जंप कॅमेरा नसलेल्या रिकाम्या माउंटने कर. ऑडिबल ऐकू येतो का, मान कशी वाटते, वारा माउंटमध्ये शिट्टी वाजवतो का, सगळं कळेल.

---

ढगातला_धोंडू

चाचणी झाली. रिगरने एचएमएचा तुकडा दिला. सध्याच्या चिकटमाउंटवर दोरी आठपैकी सहा दिशांनी अडकली. दोनदा तर स्क्रूच्या डोक्याखाली अशी बसली की दोन्ही हातांनी सोडवावी लागली. माउंट काढून टाकला, बेतलेला मागवतो. तो येईपर्यंत जुना स्क्रू आखूड, सपाट डोक्याचा घेतला तर भागेल का?

---

कोकणी_कॅनॉपी

नाही. स्क्रूचं डोकं गेलं तरी कान आणि कानांखालची फट राहतेच. दोरी तिथे बसेल. अजून ३८ जंप आहेत ना तुझ्या? माउंट तोवर आरामात येईल. आला की आधी कॅमेऱ्याशिवाय दोरी फिरव, मग कॅमेरा घालून, मग टेप लावून, आणि प्रत्येक वेळी आठही दिशा.

---

रिपकॉर्ड_राणे

आणि कॅन पाच लिटरचा, भरलेला. अर्धा भरून फसवू नका.